दुपारी एकचा फोटो

“मागच्या आठवड्याचे फोटो दाखव,” मी म्हणालो.

रामप्रसाद खुर्चीवरून उठून उभा राहिला. माझ्या मागे किशनराव उभे होते, पांढऱ्या टोपीतले, रागाने लाल झालेले. रामप्रसादने एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे.

“न्हाईत साहेब.”

“मग परवाचे दाखव.”

“ते बी न्हाईत. काल दुपारी एकला सगळेच गेले.”

“गेले म्हणजे? पाय फुटले का त्यांना?”

किशनराव मोठ्याने हसले. रामप्रसाद हसला नाही. त्याने पडद्याकडे बोट दाखवलं. तिथे इंग्रजीत दोन ओळी होत्या. कामाचा ताण फार आल्यामुळे फोटोंसाठीची जागा वेळेत वाढवता आली नाही, म्हणून जुने सर्व फोटो काढून टाकले आहेत, असा त्यांचा अर्थ.

“म्हणजे मशीननं स्वतःच पुरावा नष्ट केला, आणि तसं लिहून बी ठेवलं?” किशनराव म्हणाले. “लई इमानदार मशीन हाय तुमची, माणिकराव!”

ही गोष्ट २००७ च्या जानेवारीतली. बाळापूरहून सात-आठ मैलांवरच्या सोनवेल सहकारी साखर कारखान्यात मी शेतकी विभागाचा कार्यालय अधीक्षक होतो. वय पंचावन्न. माझा स्वभाव संशयी, हे मी आधीच कबूल करतो, म्हणजे पुढचं सांगायला सोपं जाईल. कपाटाला कुलूप लावलं की मी ते तीनदा ओढून बघत असे. शिपायाने चहा आणला की कप आधीच कुणी उष्टा केला नाही ना, हे कडा बघून ठरवत असे. माझी बायको सुमनबाई म्हणायची, “तुमी देवळात गेले तरी देवाला इचारताल, खरंच देव हायेस का म्हणून.” पण कारखान्यात माझ्या या स्वभावाची किंमत होती. चार हजार शेतकऱ्यांच्या उसाचे नंबर माझ्या विभागात लागायचे. ज्याची लागण आधी, त्याची तोड आधी. एवढा एकच नियम, आणि तो मोडायला सगळा तालुका टपलेला.

दिवाळीत नवीन सर्व्हर आला. काट्यावरची वजनं, तोडणीच्या टोळ्या, तोडीची क्रमवारी, सगळं त्या एका मशीनवर. रोज दुपारी एक वाजता मशीन आपल्या सगळ्या नोंदी त्या क्षणी जशा आहेत तशा धरून ठेवायची. इंग्रजी नाव स्नॅपशॉट, पण आम्ही फोटोच म्हणायचो. परवा यादीत काय होतं असं कुणी विचारलं, की परवाचा फोटो उघडायचा. बदल केला असेल तर लगेच पकडला जाणार. मला हा प्रकार फार आवडला होता. आयुष्यात पहिल्यांदा माझ्यापेक्षा संशयी असं काहीतरी मला भेटलं होतं.

किशनरावांची तक्रार अशी, की त्यांची लागण २००५ च्या दहा जुलैची असताना यादीत अठ्ठावीस जुलै आली, आणि त्यांच्या आधी तांड्यावरच्या लखमाचा नंबर लागला. लखमाची लागण अठरा जुलैची. आता हा लखमा रामप्रसाद आडेचा सख्खा मामा. आणि यादी ज्या मशीनवर, ती मशीन रामप्रसादच्या ताब्यात. त्या खोलीची किल्लीही त्याच्याकडेच. आणि नेमके फोटो गायब. माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली नाही, तर सरळ ठाण मांडून बसली.

किशनराव गेल्यावर मी दार लोटून घेतलं. “आता खरं सांग.”

“साहेब, हे दुसऱ्यांदा झालं,” रामप्रसाद म्हणाला. “फोटो काढताना मशीन सगळं पुन्हा लिहून न्हाई ठेवत. एखादी नोंद बदलाया लागली की जुनी नोंद आधी बाजूला काढून ठेवते. खळ्यावर पोती भरनारा एकच हाय अन् रास ओतनारे धा झाले, तर त्यो काय करंल? पोती फेकून देईल अन् बाजूला व्हईल. तसं होऊन राहिलं.”

“मग उपाय?”

“फोटोची येळ बदलू. एकच्या जागी चार करू. मला फकस्त तुमची परवानगी पाहिजे.”

मी त्याच्याकडे टक लावून पाहिलं. चार वाजता मी रोज यार्डात फेरी मारायला जात असे. हे त्याला पक्कं माहीत होतं.

“चारच काहून?”

“चारला मशीन रिकामी राह्यते, साहेब.”

“अन् मीही नसतो.”

तो हातातल्या शाळकरी वहीत काहीतरी लिहीत राहिला. परवानगी मी दिली नाही.

रामप्रसाद तेव्हा चौतीस-पस्तीसचा असेल. त्याची आई रूपाबाई वीस वर्षं तोडणीच्या टोळीत होती. कोल्हापूर, सांगली, कुठे कुठे जायची. हा पोरगा उसाच्या फडात पाचटावर झोपून वाढला. पुढे हिंगोलीला राहून कॉम्प्युटरचा कोर्स केला. खोलीत चपला घालून जात नसे. जेवायला बाहेर नळाजवळ बसायचा, कारण भाकरीचा भुगा मशीनजवळ नको. दहा वर्षांत त्याच्याबद्दल एक तक्रार नव्हती, आणि खरं सांगतो, मला तेच खुपायला लागलं. इतका सरळ माणूस असतो का, असं मला वाटायला लागलं.

दुसऱ्या दिवसापासून मी माझी खुर्ची त्याच्या खोलीत टाकली. शनिवारी एक वाजता फोटो निघाला. रविवारी निघाला. सोमवार, मंगळवार, बुधवार, सगळे निघाले. शुक्रवारची धरून यादीत सहा ओळी तयार झाल्या. मी बसलेलो असताना सगळं व्यवस्थित, याचा अर्थ मी काय लावला असेल, हे सांगायला नको. मधे एकदा लखमा दारात आला. मामा-भाचे गोरमाटीत काहीतरी बोलले. मला ती भाषा येत नाही. त्यांनी तांड्यातल्या कुणाच्या दुखण्याचं विचारलं असेल, पण मी कान टवकारून प्रत्येक शब्दात उसाचा नंबर शोधत होतो.

गुरुवारी मी सापळा लावला. गुरुवारी सोनवेलचा बाजार. दर गुरुवारी साडेबाराला मी पिशवी घेऊन निघायचो. त्याही दिवशी मुद्दाम पिशवी झटकून दाखवली.

“येतो रे बाजार करून.”

“व्हय साहेब,” तो म्हणाला. मग जरा थांबून, “आज थांबले असते तं बरं झालं असतं.”

मला वाटलं, सोंग करतो आहे. बाजारात मेथी घेतली, वांगी घेतली, आणि तीनच्या सुमारास परत आलो. खोलीत जाऊन पडदा बघितला. सहाच्या सहा ओळी गेलेल्या. रामप्रसाद भिंतीला टेकून उभा होता.

“मी असताना राहतात,” मी म्हणालो, “आणि मी गेलो की जातात.”

“व्हय साहेब. तसंच दिसून राहिलं.”

“आणखी काही म्हणायचं आहे?”

त्याने तोंड उघडलं, खिडकीतून काट्याच्या बाजूला बघितलं, आणि मिटलं. “न्हाई.”

शुक्रवारी मी अहवाल लिहिला. दोन पानं. माझं अक्षर चांगलं आहे. संबंधित कर्मचाऱ्याच्या नातेवाइकास लाभ होत असल्याचे, कार्यालय अधीक्षक अनुपस्थित असतानाच नोंदी नष्ट होत असल्याचे, वेळ बदलण्याची मागणी संशयास्पद असल्याचे. एमडी साहेबांनी दुपारीच आदेश काढला. लखमाची तोड चौकशी होईपर्यंत थांबवावी. आडे यांनी यार्डात गाड्यांना नंबर वाटावेत. संगणक कक्षाची किल्ली अधीक्षकांकडे राहील.

रामप्रसादने किल्ली माझ्या टेबलावर ठेवली. किल्लीला त्याने लाल दोरा बांधलेला होता. तो सोडवून घेईल असं वाटलं, पण तसाच ठेवून गेला.

मंगळवारी लखमा आला. साठीचा, वाळका, दोन्ही हातांना कोयत्याचे घट्टे. त्याच्या हातात उसाचं एक वाढं होतं. शेंड्याला पांढरा तुरा.

“साह्यब, तुरा आला.”

“चौकशी चालू आहे.”

“कवा संपंल?”

“संपेल तेव्हा कळवू.”

तो गेला नाही. उसाचा शेंडा माझ्या टेबलाच्या कडेला टेकवून उभा राहिला. तुरा आला की ऊस आतून पोकळ व्हायला लागतो, वजन उतरतं, हे मला त्याने सांगायची गरज नव्हती.

“बावीस वर्स दुसऱ्याचा ऊस तोडला साह्यब. कोन्या शेतात कोयता लावताना तारीख इचारली न्हाई. आवंदा पयल्यांदा आपला सोताचा दोन एकर तोडाया आला, तं समदे तारीख इचारून राहिले.”

“तुमच्या भाच्याला विचारा,” मी म्हणालो.

“त्याला काय इचारू? त्यो घरी दोन शब्द बोलंना. भाकर बी खाईना बराबर.” मग तो वाढं तिथेच ठेवून गेला. शिपायाने ते नंतर बाहेर फेकलं.

पुढच्या गुरुवारी मी बाजाराला गेलो नाही. आता चोर यार्डात होता, किल्ली माझ्या खिशात होती. फोटो टिकणार आणि माझा अहवाल खरा ठरणार. ते डोळ्यांनी बघायची मला हौस होती. पावणेएकला मी कुलूप उघडून आत गेलो, आतून कडी लावली, ती तीनदा ओढून बघितली, आणि पडद्यासमोर बसलो. एक कळ दाबली की ताजी यादी दिसते, एवढं मला रामप्रसादनेच शिकवलं होतं. शुक्रवार ते बुधवार, सहा ओळी.

एक वाजला. मशीनचा आवाज वाढला. समोरचा हिरवा दिवा लुकलुकायचा, तो आता न विझता जळायला लागला. मी कळ दाबली. सहा ओळी. पुन्हा दाबली. सहा. एक वाजून सात मिनिटांनी दाबली, तेव्हा पडदा मोकळा होता.

खोलीत माझ्याशिवाय कुणी नव्हतं. कडी जागच्या जागी होती. मी खरोखरच माझ्या स्वतःच्या बोटाकडे संशयाने पाहिलं. मीच काही भलतं दाबलं का? या खोलीत इतकी थंड हवा असताना मला घाम आला होता.

रामप्रसादची वही टेबलाच्या खणात होती. मी ती आजवर उघडली नव्हती. शाळेची शंभर पानी, वर ‘फोटो’ असं लिहिलेली. रोजची एक ओळ. ‘१.०० निघाला.’ ‘१.०० निघाला.’ अठ्ठावीस डिसेंबर, गुरुवार: ‘गेले.’ चार जानेवारी, गुरुवार: ‘१.०० निघाला. गाड्या कमी.’ अकरा जानेवारी, गुरुवार: ‘गेले. काट्यावर साडेबारा ते सव्वा चिठ्ठ्या ३१२, एकदम.’ त्याखाली, ‘वेळ चार करण्याबद्दल साहेबांना विचारले. नाही म्हणाले.’ अठरा जानेवारी, गुरुवार: ‘गेले. चिठ्ठ्या ३४०. साहेबांना थांबा म्हणालो. बाजारास गेले.’

मी वही घेऊन काट्याच्या केबिनमध्ये गेलो. तीन कारकून मान खाली घालून चिठ्ठ्यांचे गठ्ठे मशीनवर चढवत होते. एकेका चिठ्ठीसरशी शेतकऱ्याचं पान, टोळीचं पान, गाडीचं पान, क्रमवारी, चार-चार ठिकाणी नोंद बदलत होती. बाहेर रिकाम्या बैलगाड्या बाजाराच्या रस्त्याला लागल्या होत्या. टोळीतल्या बाया गाड्यांवर बसून केस विंचरत होत्या.

“हे रोज असं करता?” मी विचारलं.

“रोज काहून, साहेब? रोज गाडी आली की चिठ्ठी चढते. आज गुरुवार न्हाई का? सकाळी हातानं लिहून गाड्या सोडतो, अन् दुपारी एकदम चढवतो. म्हंजे टोळ्या बी बाजाराला जातेत, अन् आमी बी.” त्याने मान वळवून भिंतीकडे इशारा केला. “तुमचंच तं पत्र हाय.”

भिंतीवर काचेत बसवलेला आदेश होता. आठ वर्षांपूर्वीचा, पिवळा पडलेला. गुरुवारी बाजारासाठी सकाळच्या चिठ्ठ्या हाताने लिहाव्यात व दुपारी एकत्र नोंदवाव्यात. खाली माझी सही. तेव्हा टोळीवाल्यांनी मला हार घातला होता. आणि डिसेंबरअखेर यार्ड गाड्यांनी भरायला लागलं, तशा त्या एकत्र नोंदी मशीनला पेलेनाशा झाल्या होत्या. मी असलो की फोटो राहतात आणि मी गेलो की जातात, याचं कारण एवढंच, की मी ज्या बाजारासाठी जात होतो त्याच बाजारासाठी सगळा काटा घाई करत होता.

मी त्याच पावली जीप काढून डोंगरकड्याच्या गट ऑफिसला गेलो. लागणीचे मूळ अर्ज तिथे असतात. हे काम पहिल्या दिवशी करायचं होतं. पण मला चोर आधीच माहीत असल्यामुळे कागद बघायची गरज वाटली नव्हती. किशनरावांचे दोन अर्ज निघाले. नाल्याकाठच्या वावराची लागण दहा जुलै, तो ऊस डिसेंबरातच तुटून गेला होता. विहिरीवरच्या वावराची अठ्ठावीस जुलै. लखमाचा अर्ज अठरा जुलैचा, त्यावर त्याचा अंगठा. यादीतली एकही तारीख बदललेली नव्हती. किशनरावांना फोन केला. “आसंल मग. दोन वावरात गफलत झाली आसंल माझी,” म्हणाले, आणि ठेवून दिला.

परत आलो तेव्हा चार वाजत होते. रामप्रसाद यार्डात, धुळीत, गळ्यात बिल्ल्यांची पिशवी अडकवून उभा होता. मी त्याच्या हातात किल्ली दिली.

“माझं चुकलं,” मी म्हणालो. आयुष्यात हे वाक्य मी फार वेळा म्हटलेलं नाही. “पण तू तोंडाने का सांगितलं नाहीस, की हे बाजारामुळे होतं आहे?”

तो किल्लीचा दोरा बोटाला गुंडाळत राहिला. “सांगितलं असतं तं तुमी बाजार बंद केला असता.”

खरं होतं. मी त्याच दिवशी तो आदेश फाडला असता.

“टोळीच्या बायाला आठवड्यातून तेवढाच एक दिस भेटते साहेब. माझी माय बाजाराच्या दिवशीच आमाला गूळ-शेंगदाणे आनायची. म्हनून नुसती येळ मागितली. बाजार तेवढा बंद नका करू.”

मला तिथे भर यार्डात रडू येईल असं वाटलं. मी बैलांकडे बघत उभा राहिलो.

मी दुसरा अहवाल लिहिला, पहिला चुकीचा होता असा. एमडी साहेबांनी दोन्ही एकाच फायलीत लावले. लखमाची तोड त्याच संध्याकाळी लावायला सांगितली, पण माणूस पाठवला तर फड रिकामा. लखमाने तांड्यातली माणसं हाताशी घेऊन बुधवारीच सगळा ऊस तोडून गुऱ्हाळाला घातला होता. पुढच्या वर्षी त्याने त्या दोन एकरांत हळद लावली. कारखान्याच्या फाटकात तो पुन्हा आला नाही.

त्या रात्री सुमनबाईने रिकामी पिशवी उलटी करून बघितली. “बाजार कुठं हाय?” मी सगळं सांगितलं. ती नेहमीसारखी काही चिडवून बोलेल म्हणून मी वाट बघत होतो. ती एवढंच म्हणाली, “त्या लेकराच्या मायला काय वाटलं आसंल वो?”

रामप्रसादने फोटोची वेळ चार केली. त्यानंतर एकही फोटो गेला नाही. पण दोन गोष्टी बदलल्या. एक म्हणजे तो त्या खोलीत दार लावून कधी बसला नाही. दाराला खुर्ची लावून ते सताड उघडं ठेवायचा. थंड हवा सगळी व्हरांड्यात जायची. मशीन तापेल म्हणून मी रागावलो, तर त्याने घरून एक टेबलपंखा आणून मशीनमागे लावला. “असू द्या साहेब उघडं,” एवढंच म्हणाला.

दुसरी गोष्ट, त्याने वहीत एक नवा रकाना आखला. वर लिहिलं, ‘समक्ष’. रोज चारला पाच मिनिटं कमी असताना तो माझ्या टेबलाजवळ येई. “साहेब, जरा येता?” मी जाई. फोटो निघालेला बघे. सही करी. त्यात टोमणा नव्हता, राग नव्हता. टोमणा असता तर मला सोसला असता. मी यार्डाची फेरी पाचवर नेली.

असं तीन हंगाम चाललं. २००९ च्या डिसेंबरात मी निवृत्त झालो. निरोपाचा कार्यक्रम तीनला संपला. शाल-श्रीफळ काखेत घेऊन मी टेबलाचे खण रिकामे करत होतो, तेवढ्यात तो आला.

“साहेब, जरा येता?”

मी गेलो. फोटो निघाला. त्याने वही पुढे केली. मी पेन हातात घेतला नाही.

“रामप्रसाद, आता हा रकाना बंद कर बाबा. उद्यापासून मी नाही. दारही लावून घेत जा. तुझ्यावर कुणाचा संशय नाही.”

त्याने माझ्याकडे पाहिलं. कानाजवळ त्याचे केस पिकले होते, ते मला त्या दिवशी दिसले. मग त्याने पेनचं टोपण काढलं आणि पेन माझ्या बोटांत दिला.

“सही करा साहेब,” तो म्हणाला. “चार वाजून गेले.”

मी सही केली. खालच्या ओळीवर त्याने उद्याची तारीख आधीच घालून ठेवली होती.